पाच पावलांच्या आत

४ फेब्रुवारी

डिंक,

पाकीट फाडून टाकण्याआधी दोन मिनिटं थांब. अक्षर तू ओळखलंच असशील. 'ताईचं पत्र, म्हणजे काहीतरी हुकूम असणार' असं म्हणून ओठही मुडपले असशील. पत्ता तुझ्या लेकीने दिला. तिला बोलू नकोस, मीच तिच्या मागे हात धुऊन लागले होते. मावशी आहे मी तिची, तिने मला तीनदाच पाहिलं असलं म्हणून काय झालं!

वर काय लिहायचं यात दोन कागद वाया गेले. तुझं खरं नाव लिहिलं तर कुणा परक्या बाईला लिहितेय असं वाटायला लागलं. अख्खा संघ तुला डिंक म्हणायचा, कारण एकदा हाताला लागलेला चेंडू तुझ्याकडून सुटायचाच नाही. म्हणून डिंकच. राग आला तर आला.

एक्केचाळीस वर्षं आपण बोललो नाही. आई गेली तेव्हा एका खोलीत बसलो होतो, तू खिडकीशी, मी दाराशी आणि मधे सगळं गणगोत. ते काही मी धरत नाही.

आता कामाचं. क्रिकेट मंडळाने मोठ्या मैदानावर नवा स्टँड बांधलाय आणि त्याला माझं नाव द्यायचं ठरवलंय. हस, हस. मलाही हसू आलं. ज्या मैदानावर पुरुषांचा सराव संपल्यावर, माळ्याने पाणी मारायच्या आत आपल्याला अर्धा तास मिळायचा, आणि तोही त्या माळ्याच्या विनवण्या करून, तिथे आता माझ्या नावाखाली बसून लोक शेंगदाणे खाणार. स्टँडच्या दाराशी दगडी पाटी बसणार आहे. त्यावर आपल्या पहिल्या संघाच्या अकराजणींची नावं. समारंभ वीस मार्चला आहे.

पाटीचा मसुदा घेऊन मंडळाच्या सचिवबाई घरी आल्या होत्या. दहा नावं बरोबर होती. अकरावं नाव आपल्या राखीव खेळाडूचं. बिचारी सबंध मोसमभर पाणी द्यायलाच मैदानात आली. मी म्हटलं, हे चुकलंय, इथे माझ्या बहिणीचं नाव पाहिजे. सचिवबाई फार मऊ बोलतात. म्हणाल्या, "मॅडम, त्यांच्या नावापुढे शिस्तभंगाचा शेरा आहे हो. असं नाव पाटीवर घेता येत नाही. ज्यांनी शेरा दिला त्यांनीच लेखी मागे घेतला तर गोष्ट वेगळी."

जुनी फाइल आहे, कुणी काय लिहून ठेवलं असेल देव जाणे. अपघात झाला. तू ऐन भरात जरा जास्तच पुढे सरकलीस, आणि त्या वेळच्या लोकांनी त्याला शिस्तभंग म्हटलं. ते मी निस्तरते. तू फक्त ये. पाटीवर नाव आहे आणि माणूस समोर नाही, हे बरं दिसत नाही.

ताई


१३ फेब्रुवारी

डिंक,

तुमच्या गावाला टपाल चार दिवसांत पोचतं, मी पोस्टात जाऊन विचारलं. म्हणजे पत्र तुला मिळालंय आणि तू लिहीत नाहीस. ठीक आहे. लहानपणीही तू अशीच होतीस. मी मारलं तरी रडायची नाहीस, नुसती गप्प बसायचीस, आणि मग मलाच रडू यायचं.

तुझी लेक फोनवर सांगत होती, सासऱ्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आता तूच बघतेस. म्हणाली, "आई म्हणते, या धंद्यात सगळेच एक डोळा मिटून काम करतात, माझा तेवढा मिटायचा त्रास वाचला." मी मोठ्याने हसले. मग फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन खाली फरशीवर बसून राहिले.

स्वयंपाकघराचं तुला एक सांगायचंय. डॉक्टरांनाही सांगितलेलं नाही, ते उगाच गोळ्या वाढवतील.

ओट्यापाशी मी उभी राहिले की समोर, जरा डावीकडे, फ्रिज आणि दार यांच्या मधल्या जागेत तू असतेस. वाकून. गुडघ्यांवर भार, दोन्ही तळवे उघडे, हनुवटी वर. वय तेच, बावीस. तोंड माझ्या बाजूला असतं पण नजर माझ्यावर नसते. मधेच कुठेतरी, बॅट असायला हवी तिथे असते. आणि हे काही अंधारात वगैरे नाही. सकाळचे अकरा, रेडिओ चालू, कुकरची दुसरी शिट्टी, मी आपली कांदा चिरतेय आणि तू तिथे. सुरुवातीला मी ओरडायचे, "ऊठ, सरळ उभी राहा, गुडघे जातील!" आता ओरडत नाही, वळसा घालून जाते. कामाला येणाऱ्या बाई विचारतात, "तुम्ही सरळ का नाही हो जात फ्रिजकडे?" मी म्हणते, तिथली फरशी निसरडी आहे. त्या बिचाऱ्या रोज तेवढीच फरशी घासून पुसतात.

आणि माझा उजवा हात. तो आपोआप कपाळाकडे जातो. दोनदा. डोक्यावर टोपी नसतेच, पण हात टोपीची पुढची कड ओढल्यासारखा करतो. डॉक्टर म्हणतात, या वयात नसांचं असं होतं. बिल्डिंगच्या वॉचमनला वाटतं मी त्याला सलाम करते. पहिल्यांदा गोंधळला, आता तोही मला कडक सलाम ठोकतो. भाजीवाली म्हणते, "आजी मिलिटरीत होत्या का?" मी हो म्हणून टाकलं.

ती खूण तुला आठवत असेल. नसेलही.

परवा नर्स आली होती, आपली विकेटकीपर. रिटायर होऊन किती वर्षं झाली, पण अजून घरात शिरली की आधी माझी नाडी बघते. पाटीचं सगळं सांगितलं तिला. तुला पत्र पाठवलंय तेही सांगितलं. तिने विचारलं, "शेरा कुणी दिला ते लिहिलंस का तिला?" मी म्हटलं, चहा घेणार की कॉफी? तर म्हणते कशी, "कॅप्टन म्हणून तू फार मोठी होतीस ग. पण बहीण म्हणून पळपुटी निघालीस." आणि चहा न घेताच गेली. एवढ्या वर्षांत ती माझ्याकडून चहा न घेता कधी गेली नव्हती.

ताई


२७ फेब्रुवारी

डिंक,

आज जे झालं ते लिहिल्याशिवाय मला जेवण जाणार नाही.

सचिवबाई मला स्टँड दाखवायला घेऊन गेल्या होत्या. खाली मुलींचा सराव चालला होता. काय थाट आहे म्हणून सांगू! प्रत्येकीचे स्वतःचे पॅड, स्वतःची बॅग, दोन-दोन जोड बूट. मला बाबांनी आपल्यासाठी तागाचं कापड आणि कापूस घालून शिवलेले पॅड आठवले. चार जोड अकराजणींत, आणि पावसात भिजले की वजन इतकं व्हायचं की धाव घेताना एकेरीच बरी वाटायची. पँटी पण त्यांनीच शिवल्या. दुकानातली सगळी गिऱ्हाइकं आठ दिवस थांबवली होती शिंपीबुवांनी. आई चिडली होती. "पोरींना पँटी शिवताय, उद्या मिशा पण लावा," म्हणाली होती.

तर मी वर रेलिंगला धरून उभी होते. एक ऑफस्पिनर टाकत होती आणि शॉर्ट लेगला, बॅटच्या अगदी तोंडाशी, तुझ्याच जागेवर एक बारकी पोर उभी. हेल्मेट, जाळी, नडगीला पॅड, सगळं होतं. माझा हात वर गेला. दोनदा. आणि त्या पोरीने, मला पाठमोरी असून, मी आहे हे माहीतही नसून, एक पाऊल पुढे टाकलं.

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. सचिवबाई म्हणाल्या, मी "मागे हो" म्हणत जिन्यावरून धावले. बाहत्तराव्या वर्षी, बरं का. सीमारेषा ओलांडून खेळपट्टीपर्यंत गेले आणि त्या पोरीच्या खांद्याला धरून तिला मागे ओढलं. सराव थांबला. सगळ्या बघत राहिल्या. ती पोर घाबरून म्हणाली, "मॅडम, काय चुकलं माझं?" सचिवबाईंनी मला खुर्चीत बसवलं आणि पाणी दिलं.

तिचं काही चुकलं नव्हतं. तुझंही नव्हतं. हे मी आता लिहिते आणि खोडणार नाही.

तुला माहीत आहे ते सगळं पुन्हा लिहितेय, कारण मी ते कधीच, कुणालाच, धड सांगितलं नाही. दौऱ्याआधीचा शेवटचा सामना. पहिल्यांदाच बायकांचा संघ परदेशात जाणार होता, अकरा दिवसांवर विमान. मंडळाचं पत्रक आलेलं होतं, हेल्मेट नसलेल्या खेळाडूने बॅटिंग करणाऱ्यापासून पाच पावलांच्या आत उभं राहायचं नाही. हेल्मेट आपल्याकडे नव्हतंच. म्हणून सामना सुरू व्हायच्या आधी मी पाच पावलं मोजायची आणि तू बुटाच्या टाचेने तिथे रेघ मारायचीस. त्या रेघेमागे तू. ती जागा दुसऱ्या कुणाला द्यायची माझी छाती नव्हती. लोकांच्या लेकींना तिथे कसं उभं करणार, त्यांच्या घरी काय सांगणार? म्हणून घरचीच उभी केली. तेव्हा सगळे माझं कौतुक करायचे, बघा, बहीण म्हणून सूट देत नाही.

शेवटची जोडी खेळत होती, तीन षटकं उरली होती. ती उंच बाई काही बाद होत नव्हती. आपल्या मास्तरीणबाई बॉलिंगला. मी स्लिपमध्ये. मी टोपीची कड दोनदा ओढली. एक पाऊल पुढे ये. आपल्या दोघींची खूण, तिसरीला माहीत नव्हती. मास्तरीणबाईंच्या हातून चेंडू आखूड पडला, त्या बाईने सगळ्या ताकदीने ओढून मारला, आणि तू रेघेच्या दोन पावलं आत पडलेली होतीस. नर्सने ग्लोव्हज फेकले आणि स्वतःच्या ओढणीसारखा माझा स्वेटर ओढून घेऊन तुझ्या डोळ्यावर दाबला. चेंडू लागल्याचा तो आवाज मी अजून ऐकते. कुणी दार जोरात लावलं तरी ऐकते.

संध्याकाळी दवाखान्यात तुझ्या उशाशी बसले होते. तू गुंगीत होतीस. मी काय बोलले ते तुला ऐकू गेलं नसेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी तेव्हाच्या सचिवांनी बोलावलं. अंपायरने रेघ आणि तू पडलीस ती जागा, दोन्ही लिहून दिलं होतं. सचिव म्हणाले, "कॅप्टनने तिला आत बोलावलं असेल तर कॅप्टन दौऱ्यावर जाणार नाही. आणि तुमच्याशिवाय हा दौरा होईल असं मला वाटत नाही. ती स्वतःहून आत गेली असेल तर तो तिचा शिस्तभंग. काय झालं ते तुम्हीच लिहा." कागद पुढे सरकवला. मी लिहिलं, 'खेळाडू कॅप्टनच्या सूचनेशिवाय, स्वतःच्या मनाने पाच पावलांच्या आत गेली.' आणि सही केली.

चौदा मुलींचा दौरा वाचवला, असं मी स्वतःला सांगत आले. ते अर्धंच खरं आहे. मला जायचं होतं, डिंक. मला फार जायचं होतं. तू दवाखान्यात असताना मी तिथे सत्त्याऐंशी धावा केल्या, फोटो छापून आले, आणि विमानतळावर हार घालायला आलेल्यांत आई नव्हती. त्या सामन्याला आपण घरून निघताना तिने एकच सांगितलं होतं, दोघी जाताय तशा दोघी परत या. दौऱ्याहून मी घरी गेले तेव्हा तिने ताट वाढलं आणि समोर बसली नाही.

मास्तरीणबाई गेल्या वर्षी गेल्या. शेवटपर्यंत म्हणत राहिल्या, "माझ्या हातून चेंडू आखूड पडला म्हणून त्या पोरीचा डोळा गेला." मी त्यांचा हात धरून बसले होते. तेव्हाही नाही सांगितलं. आता सांगायला त्या राहिल्या नाहीत.

शेरा मी दिला. तुला हे माहीत होतं, म्हणूनच तू बोलत नाहीस. तरी माझ्या हाताने एकदा लिहायचं होतं.

ताई


९ मार्च

डिंक,

सचिवबाईंना लेखी दिलं. 'मी खूण करून बहिणीला आत बोलावलं, तिने कॅप्टनची आज्ञा पाळली, माझा जुना अहवाल खोटा आहे.' त्यांनी वाचलं, चष्मा काढला, पुन्हा घातला. म्हणाल्या, "मॅडम, हे मी बैठकीत ठेवलं तर स्टँडला तुमचं नाव राहील की नाही, मी सांगू शकत नाही." मी म्हटलं, काढा. दगडी पाटीवर तिचं नाव येऊ दे, माझं नाव पत्र्यावर पण नको. त्या म्हणाल्या, "असं नका म्हणू." मी म्हटलं, बाई, माझ्या हातात सही करण्याव्यतिरिक्त काय आहे? एकदा चुकीच्या कागदावर केली, आता बरोबर कागदावर करते.

बैठक झाली. स्टँडचं नाव तसंच ठेवलं. 'इतक्या जुन्या गोष्टीसाठी' वगैरे. तुझा शेरा काढला आणि पाटीवर तुझं नाव कोरायला गेलं. कारागिराने पाटी कापड बांधून ठेवली होती, मी सोडायला लावली. बोट फिरवून पाहिलं. तुझ्या नावातली वेलांटी जरा मोठी आलीय, पण वाचता येतं.

समारंभात मला पंधरा मिनिटं बोलायचंय. सगळ्यांसमोर सांगणार आहे. भाषण नर्सला वाचून दाखवलं. तिने नाडी बघितली, मग चहा घेतला, दोन कप.

पहिल्या रांगेत माझ्या शेजारची खुर्ची तुझी. त्यावर कुणाला बसू देणार नाही, मंत्री आले तरी. लेकीला घेऊन ये, जावयांना आण, दुकानातल्या गिऱ्हाइकांना आण. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. नुसती बस.

इथे तू दिवसेंदिवस पुढे यायला लागली आहेस. आधी फ्रिजपाशी असायचीस. आता ओट्यापासून दोन हातांवर. मला कांदा चिरताना कोपर जपावं लागतं.

ताई


२१ मार्च

डिंक,

खुर्ची रिकामी राहिली. मंडळाचे अध्यक्ष त्यावर बसायला गेले, नर्सने त्यांच्या आधी तिथे आपली पर्स ठेवली.

मी सगळं सांगितलं. पत्रक, रेघ, टोपी, कागद, सही. एक शब्द गाळला नाही. मधे दोनदा पाणी प्यायले, पुढे बोलले. म्हटलं, "माझी बहीण निर्दोष होती. तिने फक्त माझी आज्ञा पाळली आणि मी तिला खोटं पाडलं." मला वाटलं होतं लोक गप्प होतील. कुणीतरी उठून जाईल. एखादी म्हातारी खेळाडू तोंडावर बोलेल, काय ग बाई तू!

टाळ्या वाजवल्या त्यांनी. सगळे उभे राहिले. अध्यक्ष डोळे पुसत म्हणाले, "केवढं मोठं मन! असा कॅप्टन पुन्हा होणे नाही." मुली सही घ्यायला रांगेत आल्या. सही! ती बारकी शॉर्ट लेग पण होती. तिने माझ्या पायाला हात लावला आणि मी एवढी दचकले की हातातलं पेन तिच्या डोक्यावर पडलं.

मला शिक्षा हवी होती आणि त्यांनी मला आणखी एक हार घातला. माझं पाप सुद्धा माझ्या मोठेपणात जमा झालं. आता आणखी कुणासमोर जाऊन काय सांगायचं ते मला कळत नाही.

पाटीवर तुझं नाव आहे, अकरावं. ऊन पडलं की दुरूनही दिसतं. एवढं झालं म्हणजे तू जाशील असं मला वाटलं होतं. आज सकाळी ओट्यापाशी गेले तर तू होतीस. अगदी जवळ. मी हात पुढे केला असता तर केसांना लागला असता. केला नाही.

लिही, डिंक. शिव्या लिही. 'मेलीस तरी येणार नाही' असं लिही. पण काहीतरी लिही.

ताई


२९ मार्च

ताई,

पाचही पत्रं मिळाली. ज्या त्या दिवशीच वाचली. लेक रोज म्हणायची, आई, लिही ग. मी म्हटलं, आधी तिला शेवटपर्यंत बोलू दे. मधे तोडलं की ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करते.

आता तू ऐक. आणि बसून ऐक, ओट्यापाशी उभी राहून नको.

तुझी खूण मी पाहिलीच नव्हती.

त्या षटकात ती उंच बाई पुढचा पाय टाकून बॅट सैल धरायला लागली होती. चेंडू बॅटला लागून माझ्यापुढे दीड हातावर मरून पडत होता. एकदा पडला, पुन्हा पडला. तुला स्लिपमधून ते दिसणं शक्य नव्हतं, तिचा पाय आणि बॅट मधे होती. मास्तरीणबाईंना दिसत नव्हतं. ते फक्त मला दिसत होतं. मला कळलं, रेघेच्या आत गेले तर झेल माझा आहे. मी तुझ्याकडे मुद्दाम बघितलं नाही. बघितलं असतं आणि तू 'नको' म्हणाली असतीस तर? म्हणून नजर बॅटवर ठेवली आणि गेले. एक पाऊल नाही, दोन गेले. तू एकाची खूण केली असशील. मी पडले ती जागा अंपायरने लिहिलेली आहे, मोजून बघ.

तू अहवालात जे लिहिलंस ते अक्षर न अक्षर खरं होतं. मी शिस्त मोडलीच होती.

दवाखान्यात मी गुंगीत नव्हते. अर्ध्या तोंडाला पट्टी होती, बोलता येत नव्हतं, एवढंच. तू माझ्या उशीत तोंड खुपसून म्हणत होतीस, "मी बोलावलं तुला, मी बोलावलं." मला तेवढ्यातही हसू येत होतं. मनात म्हटलं, वेडीच आहे ही. उद्या आली की कागदावर लिहून सांगू, तू नाही बोलावलंस, मीच गेले. नर्सकडून पेन्सिल मागून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी तू आली नाहीस. तिसऱ्या दिवशी मंडळाचा माणूस अहवालाची प्रत घेऊन आला. खाली तुझी सही.

आता कळतंय का मला काय लागलं ते? तुला ते खोटं वाटत होतं. आपण आपल्या बहिणीवर खोटा आळ घेतोय, हे समजून उमजून तू पेन उचललंस. ते चुकून खरं निघालं, हा तुझा चांगुलपणा नाही. डोळ्याचं मी माझ्या मनाशी मिटवलं होतं, ताई. माझा निर्णय, माझा डोळा. सहीचं नाही मिटलं.

मला वाटायचं तुला ती सही टोचत असेल. म्हटलं, टोचू दे. तू येशील, महिन्याने, वर्षाने, आणि सहीबद्दल बोलशील, तेव्हा मी सगळं सांगेन. तू आली नाहीस. मग आई गेली, मग न बोलण्याचीच सवय झाली. तू त्या पावलाचं ओझं अजून घेऊन बसली आहेस हे तुझं तिसरं पत्र वाचेपर्यंत माझ्या स्वप्नातही नव्हतं. त्यात माझीही चूक आहे. एक ओळ लिहिली असती तर तू फ्रिजपर्यंत सरळ चालत गेली असतीस. मास्तरीणबाईंचं वाचून मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि रडले. त्यांना मीही काही कळवलं नव्हतं.

पण आता तू भर सभेत उभी राहून काय सांगितलंस? 'तिने फक्त माझी आज्ञा पाळली.' आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. अग, जन्मभर मी तुझे फ्रॉक वापरले. तुझी बॅट, तुझे बूट पुढे कापूस कोंबून. खेळायचं का हे तू ठरवलंस, उभं कुठे राहायचं हे तू ठरवलंस. आयुष्यात एकदाच मी मैदानावर स्वतःच्या डोक्याने काहीतरी केलं. ते चुकलं, माझा डोळा गेला, पण चेंडू आधीच्यांसारखाच आला असता तर झेल मी घेतला असता आणि तो तुझ्या सांगण्यावरून घेतलेला नसता. तेही तू आपल्या नावावर करून घेतलंस. आधी खोटं समजून खरं लिहिलंस आणि आता खरं समजून खोटं बोललीस!

त्या मऊ बोलणाऱ्या बाईंना सांग, शेरा परत लावा. नाव पाटीवरून काढू नका. दोन्ही माझंच आहे.

रविवारी दुकान बंद असतं. सकाळच्या गाडीने निघालीस तर दुपारच्या जेवणाला पोचशील. लेक स्टेशनवर येईल, तिला तू ओळखशील, चालताना बाबांसारखी मान पुढे काढते. मी आता कशी दिसते ते पाहून दचकू नकोस, आणि दारातच रडायला लागू नकोस, शेजारी फार चौकस आहेत.

जेवण झाल्यावर सहीबद्दल तुला काय बोलायचं ते बोल. मी ऐकून घेईन, बहुतेक माफही करेन. पण त्या पावलाची माफी मागितलीस तर तशीच परत पाठवीन. ते माझं होतं.

डिंक